पुलाआधीची भाकर

बावीस वर्षं शामरावाने मुंबईची थंडी पाहिलीच नव्हती. गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, बारा महिने घाम. संपाला अकरा महिने झाले आणि डिसेंबरात तो लहूच्या हातगाडीला लागला, तेव्हा त्याला कळलं की पहाटे हाडंसुद्धा आखडतात.

लहू करी रोडला त्याच्याच चाळीत राहायचा. पंचावन्न वर्षांचा, काटकुळा, गळ्यात मफलर. गिरणीत तो कधी गेला नाही. संपात अख्खी चाळ घरी बसली, लहू तेवढा रोज कामावर जायचा. भायखळ्याच्या बाजारातून कांदे-बटाट्यांची पोती भरायची, करी रोडचा पूल चढायचा आणि डिलाईल रोडच्या दुकानांत उतरवायची. लहू पुढून ओढायचा, जोडीदार मागून रेटायचा. मागचा थकला तर भरलेली गाडी पुढच्याला घेऊन मागे येते.

चौथ्या दिवशी तेच झालं. अर्ध्या चढावर शामरावाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गाडी मागे सरकली. लहूने दांडा कमरेला घेऊन ती कशीबशी आडवी वळवली आणि चाकामागे दगड सारला.

"सकाळी काय खाल्लंस?"

"चहा घेतला. दोनदा."

"आणि डबा?"

"आहे की. साडेअकराला खातो."

लहू त्याच्याकडे बघत राहिला. साडेअकराला गिरणीत जेवणाची सुट्टी व्हायची. गिरणी बंद होती, तरी शामरावाचा डबा त्याच वेळेला उघडायचा. तोवर गाडी पूल ओलांडून रिकामी झालेली असायची आणि दमल्यावर घास उतरायचा नाही. घरी कौसल्या, त्याची बायको, डबा उघडून म्हणायची, "भाकरीला मुंबई दाखवायला नेता होय?"

"राजाराम दोनदा येऊन गेलाय माझ्याकडं," लहू म्हणाला. राजाराम शामरावाच्याच खात्यातला, तोही बेकार. "मला माणूस बदलायचा नाय. पण मला पाय मोडून घ्यायचा पण नाय. शनिवारी पूल एका दमात चढलास तर तू. नायतर तो."

त्या दिवसापासून लहूने त्याला थंडीत अंग कसं राखायचं ते शिकवलं. निघताना गाडीला हिसका द्यायचा नाही, पहिली शंभर पावलं सावकाश. घाम आला की गार दगडावर टेकायचं नाही, उभ्यानेच दम घ्यायचा. सदरा ओला झाला तर वर गोणपाट. खिशात शेंगदाणे आणि गुळाचा खडा, जिभेची मजा म्हणून नव्हे, अंगात जोर राहावा म्हणून; आणि पूल चढण्याआधी डबा उघडून भाकर खायची. आणि थकण्याआधी थांबायचं. थकल्यावर थांबलं तर ती गाडी परत निघत नाही.

"तुझ्यात ताकद कमी नाय," लहू म्हणायचा. "तू ती भायखळ्यातच उधळून टाकतोस. साच्याला काय, बटन दाबलं की चालला. अंगाला बटन नाय, शामराव. त्याला आधी खायला घालावं लागतं."

हे सगळं शामरावाने ऐकलं. एकच जमेना, रस्त्यावर खाणं. खात्यात साच्यापाशी खाताना सापडलं तर दंड व्हायचा, आणि काम अर्धं टाकून खाणारा माणूस त्याने कधी चांगला मानला नव्हता. शुक्रवारपर्यंत तो पुलाखाली शेंगदाणेच चघळत राहिला. शुक्रवारी गाडी चढली, पण मध्ये दोनदा थांबून.

शनिवारी पुलाच्या पायथ्याशी गाडी लावली, तर तिथे राजाराम उभा. लहूनेच बोलावलं होतं.

"काय रे शामराव, सुट्टी झाली वाटतं?" राजाराम म्हणाला. हसला, पण नीट हसला नाही. गालफडं बसली होती.

शामरावाने डबा काढला, परत पिशवीत घातला. मग फुटपाथवर उभ्यानेच उघडला. नाचणीच्या दोन भाकऱ्या, सुकट, कांदा. समोर माणूस असताना एकट्याने खायची रीत त्याच्या घरात नव्हती.

"घे," तो म्हणाला.

"नको. जेवून आलोय."

"काय जेवलास?"

शामरावाने एक भाकर त्याच्या हातावर ठेवली. लहूने मफलर सारखा केला आणि दुसरीकडे पाहिलं. तिघं उभ्यानेच खात होते, लहू आपली चपाती, हे दोघं भाकर. ऊन नुकतं कठड्यावर आलं होतं.

मग लहूने दांडा उचलला. पहिली शंभर पावलं सावकाश. चढ लागला तसा शामरावाने खांदा पोत्याला दिला, पाऊल आखूड केलं आणि श्वास पावलाला बांधला. जिथे दर वेळी अंधारी यायची ती जागा आली. पोटऱ्या जळत होत्या, पण डोळ्यांपुढे रस्ता स्वच्छ होता. तेवढ्यात पोत्याला अजून एक हात लागलेला त्याला दिसला. राजाराम बाजूने रेटत होता.

"हात काढ," शामराव म्हणाला.

"अरे, थोडा..."

"काढ म्हणतो ना. आज माझी पारख आहे."

राजारामने हात काढला. गाडी थांबली नाही. माथ्यावर लहूने दांडा टेकवला आणि मागे येऊन शामरावाचं तोंड न्याहाळलं.

"चढावर बोललास."

"चुकलं, लहूदादा."

"चुकलं नाय. कालपर्यंत तुला ओ द्यायला दम नव्हता." मग तो राजारामकडे वळला. "ही गाडी याची. तू सोमवारी बाजारात ये, दुसऱ्या कोणाला माणूस पायजे का विचारू. पण कौसल्याच्या भाकरीवर येऊ नको. घरून खाऊन ये."

"घरी असलं तर खाईन," राजाराम म्हणाला.

लहू दांड्याकडे परतला.

"मग पहाटे पाचला माझ्या दाराशी ये. दोन चपात्या जास्त भाजू," तो म्हणाला, आणि उतारावर गाडी अडवायला पुढे झाला.