दिपालीचे दोन दुभाषे

सिद्धगडाखालच्या वाडीतली नवसूची दिपाली मुरबाडला शिकली आणि शिकून परत आली ती वाडीतच. लोक म्हणाले, पोरगी नोकरी टाकून आली. अहो, टाकून कसली? काम घेऊन आली होती! वाडीची पोरं पहिलीत बसतात आणि वर्षभर तोंड उघडत नाहीत, कारण पुस्तकातली मराठी त्यांच्या घरात कुणी बोलतच नाही. त्यांच्यासाठी तिने संगणकावर बोलकं पुस्तक रचलं. चित्रावर टिचकी मारली की आधी घरची बोली, मग शाळेची. आवाज तिच्या आईचा, सावळीचा. ती या डोंगरावरून हाक मारील, तर त्या डोंगरावरची शेळी मान वर करील, असा आवाज!

पण गावात संगणक एकच, वाचनालयात. त्यावर आधीपासून वाचनालय सांभाळणाऱ्या अनिलदादाचा पाण्याचा प्रोग्राम. कुठल्या आळीला नळ कधी सुटणार, त्याचा निरोप तो बायकांच्या मोबाइलवर धाडायचा. दोन्ही प्रोग्राम पायथन नावाच्या भाषेत लिहिलेले. ती भाषा संगणकाला समजावायला आत दुभाषा लागतो. अनिलदादाचा दुभाषा जुना, दिपालीचा नवा, आणि नांदायचं एकाच पेटीत. दुभाष्यांना लागणारं तयार सामान आणून देणारा एक हरकाम्या असतो, त्याचं नाव पिप.

शाळेच्या माधुरीबाई पुस्तक बघायला यायच्या होत्या, नेमकं त्याच सकाळी ते रुसलं. आवाजाचं सामान नाही, म्हणे. दिपालीने पिपला हुकूम सोडला. पिप म्हणाला, आणलं, ठेवलं. पुस्तक म्हणालं, कुठाय? तिने चिडून आणखी नवं सामान मागवलं. पिपने तेही मुकाट ठेवलं, आणि तिकडे अनिलदादाचे निरोप बंद पडले.

घटकाभरात रिकामा हंडा घेऊन जनाबाई दारात हजर. "अनिल, नळ येऊन गेला रे! तुझा निरोप काय बैलगाडीनं येतो?"

अनिलदादा लालबुंद झाला. "दिपाली, एका म्यानात दोन तलवारी नाय ऱ्हात. तुझं बिऱ्हाड काढ इथून."

"दादा, बाई येईपर्यंत थांब. नाय जमलं तर माझं मीच पुसते."

बोलली खरी, पण पुसायचं म्हणजे थोडं होतं का? वर्षाची मेहनत होती ती.

आपला आवाज ऐकायला आलेली सावळी उंबऱ्यावर बसली होती. ती खो खो हसली. "बापावर गेलीस गो! लावणीला बांध पाण्याखाली गेलेले, तर हा बाबा सकाळभर आमची आवणाची रोपं शेजारच्या महादूच्या खाचरात लावत बसला. महादू बिडी ओढत बघतोय, बोलतोय कशाला! आमचं खाचर रिकामंच."

दिपालीचा हात थांबला. पिप खोटं बोलत नव्हता. त्याने सामान ठेवलं होतंच, पण कुणाच्या खाचरात? तिने संगणकालाच विचारलं, हा पिप कुणाचा? उत्तर आलं, जुन्या दुभाष्याचा. तिची सगळी रोपं जुन्याच्या शेतात चालली होती आणि तिथलं उभं पीक तुडवत होती.

मग तिने घाई केली नाही. दोन्ही दुभाष्यांना पेटीतच वेगळ्या खोल्या बांधल्या. अनिलदादाच्या खोलीत त्याला मानवणारं जुनंच सामान, तिच्या खोलीत नवं. आणि पिपला मोघम हाक मारणं सोडलं. ज्याचं काम, त्या दुभाष्याच्या तोंडूनच हुकूम. सगळं लागल्यावर आधी चालू केला तो पाण्याचा प्रोग्राम. आपलं पुस्तक मागाहून.

जनाबाईचा मोबाइल वाजला. "आला गो निरोप! पण हा उद्याच्या पाण्याचा!"

तेवढ्यात माधुरीबाई पोरांची रांग घेऊन आल्या. दिपालीने भाकरीच्या चित्रावर टिचकी मारली. मग पेटीतून सावळीचा खणखणीत आवाज आला, "काय गो, जेवलीस का?"

पोरं पेटीकडे बघतात, उंबऱ्यावरच्या सावळीकडे बघतात. आणि हजेरीलाही कधी न बोललेली कुणाली उठून ओरडली, "नाय! आई रानात गेलीय!"

माधुरीबाईंचा हात तोंडावर गेला. "अगं, ही बोलते!" मग सगळ्यांनाच बोलायचं होतं. एकच कालवा झाला.

"उद्यापासून रोज आणते यांना," बाई म्हणाल्या. "पण अनिलराव, एका संगणकावर दोन्ही कामं निभतील ना?"

अनिलदादाने छाती फुगवली. "दोन काय बाई, चार आणा. आमची दिपाली हाय ना!"