तुला सवय आहे गं

"तू दाराजवळ उभी राहा, बॅगा सांभाळ. तुला सवय आहे गं. आंगणेवाडीच्या जत्रेत रांगेत असतेसच की."

सर हसत म्हणाले. जर्मनीत, तुडुंब गाडीत. आमची गाडी आधी उशिरा होती, मग रद्दच झाली. दोन गाड्यांची माणसं एकीत कोंबलेली. मी संडासाच्या दाराला टेकलेली, पायांत सगळ्यांच्या बॅगा. आमच्या दोघांची आरक्षणं आहेत, तुझं झालं नाही, असं सांगून सर आणि त्यांची बायको, आमच्या मॅडम, आत जाऊन बसले.

सर पुण्याचे, चळवळीतले मोठे. आमच्या तारकर्लीच्या किनाऱ्यावर रिसॉर्ट येऊ घातलंय. तिथे आम्ही रापण, मासेमारीचं मोठं जाळं, ओढतो. परदेशातल्या सभांत मी मराठीत बोलायचं, सरांनी ते इंग्रजीत सांगायचं, असं ठरलेलं.

पहिल्या सभेत मी म्हटलं, किनारा आमचा आहे, हटणार नाही. सर भरभर अवघड इंग्रजीत बोलले आणि समोरच्या बायका डोळे पुसायला लागल्या. मला खटकलं. यात रडण्यासारखं काय होतं? सर म्हणाले, भाव पोचवावा लागतो. पुढच्या सभेत थोडी रडलीस तरी चालेल.

गाडीत घोषणा झाली. इंग्रजी मला बोलताना अडतं, साधं असलं तर ऐकून कळतं. आज कुणाचंच आरक्षण धरणार नाही, असं कानावर आलं. आत वाकून सरांना विचारलं. "काही नाही गं, उशीर झाला म्हणून माफी मागतायत."

मॅडम समोर बसलेल्या, सरांच्या शेजारच्या सीटवर त्यांचा कोट होता. एका म्हाताऱ्याने जागा मागितली, सरांनी रिझर्व्ड म्हणून त्याला परतवलं. तेवढ्यात तिकीट तपासणारी आली. मी बोटाने दाखवून विचारलं, "दॅट सीट, रिझर्व्ड?"

"नो. नॉट टुडे."

मी बॅगा तिथेच टाकल्या. आत गेले, कोट उचलून सरांच्या मांडीवर ठेवला. म्हाताऱ्याला हाक मारून बसवलं. मॅडम कुजबुजल्या, सगळे बघतायत. बघू देत. इतके दिवस सरांशी पुस्तकी मराठीत बोलत होते. तेव्हा मालवणीच तोंडात आली.

"सर, एका सीटसाठी खोटा सांगलात. माझ्या बोलण्याचा काय केलात, ता माका आता कळला. आजपासून माझा तुमी सांगू नकात."

"अगं, तुझं इंग्रजी..."

"येता तेवढ्यात मीच सांगान."

संध्याकाळच्या सभेत माईक मी घेतला. वाक्यं मोडकी होती. कुणी डोळे पुसले नाहीत. एकीने प्रश्न विचारला, रिसॉर्टवाल्याला परवानगी कोणी दिली? पहिल्यांदाच कुणीतरी कामाचं विचारलं.

आता गावी किनाऱ्याची सरकारी सुनावणी आहे. सरांचा निरोप आलाय, तुमच्या वतीने मी मांडतो. आम्ही कळवलंय, येऊ नका. आमच्या वतीने कुणी बोलायचं नाही. साहेब असो, पुढारी असो, आपला म्हणवणारा असो. आम्हीच बोलणार. आणि आम्ही काय बोललो म्हणून सुनावणीचे अधिकारी जे लिहून घेतील, ते मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय आमच्यातलं एकही माणूस खाली सही करणार नाही.