पाच शहरं, आठ दिवस आणि आमच्या वन्सं

माझ्या थोरल्या नणंदेने एकतीस वर्षं बसच्या आगारात वेळापत्रकं लिहिली. कुठली बस किती वाजता सुटणार, वाटेत कुठे किती मिनिटं थांबणार, शेवटच्या शहरात कधी पोहोचणार, हे सगळं त्यांच्या टेबलावर ठरायचं. पण त्यातल्या एकाही बसमध्ये बसून त्या स्वतः शेवटच्या थांब्यापर्यंत गेल्या नाहीत. मी त्यांना वन्सं म्हणते. रोज सकाळी देवाजवळ दिवा लावून झाला की मी वहीत चार ओळी लिहिते. गेल्या दोन महिन्यांत त्या चारांतल्या तीन ओळी वन्संच्याच असतात. म्हणून म्हटलं, एकदा सगळं सलग लिहून काढावं.

त्यांच्या ऑफिसात मी एकदाच गेले होते, त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला. जिन्याखालची खोली, भिंतीला लागून लांब टेबल, त्यावर चौकटीचा कागद पसरलेला. खिडकीतून आगाराचं आवार दिसायचं आणि डिझेलचा वास आत यायचा. वन्सं पट्टी आणि पेन्सिल घेऊन उभ्या. बसून लिहिलं तर कागदाचं वरचं टोक हाताला लागत नाही, म्हणून त्या उभ्यानेच काम करायच्या. मला म्हणाल्या, "थांब, एवढी बस पोहोचू दे." मी खिडकीतून बाहेर पाहिलं. बस कागदावरची होती.

घरच्यांसाठी वर्षातून एकदा फुकट पास मिळायचा. तो दरवर्षी कपाटात पडून राहायचा. आधी सासू अंथरुणाला खिळलेली, मग मुलाची दहावी, मग बारावी, मग त्याची नोकरी. आणि त्यांचे यजमान म्हणायचे, "तिथे जाऊन काय करणार? तुला तर सगळं पाठ आहे." वन्सं हसायच्या. हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की ते त्यांना हसण्यासारखं वाटत नव्हतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

यजमान गेले तेव्हा मागे एक छोटी गाडी राहिली, आच्छादन घालून दारात उभी. मुलगा म्हणाला, विकून टाकू. वन्संनी तीन महिने काही उत्तर दिलं नाही. त्या तीन महिन्यांत दर रविवारी आगाराच्या रिकाम्या आवारात एका जुन्या बसड्रायव्हरकडून त्या गाडी शिकल्या. वय छप्पन्न. चौथ्या महिन्यात स्वतः गाडी चालवत मुलाच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, "काय म्हणत होतास विकायचं?"

एक सांगायला हवं. शिकवणारा बसवाला, त्यामुळे वन्सं ती छोटी गाडी बससारखी चालवतात. वळण घेताना आधी बाहेर जाऊन मग आत येतात. आरशात बघितल्याशिवाय हलत नाहीत. मागचा कितीही हॉर्न वाजवो, यांची गाडी आपल्या चालीने चालते. पण सहा वर्षांत एक ओरखडा नाही. मागच्या वर्षी डोळे तपासून लायसनही नवं करून घेतलं.

यंदा उन्हाळा तोंडावर आला तशा त्या एका दुपारी काखेत कागदाची गुंडाळी घेऊन आल्या. माझ्या जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारली आणि कागद उलगडला.

"पाच शहरं, आठ दिवस," म्हणाल्या. "गाडी मी चालवणार. तू बरोबर."

"मी?" म्हटलं, "मला तर ब्रेक कुठला तेही माहीत नाही."

"तुला ब्रेक मारायला नेत नाहीये. बोलायला नेतेय."

मी चष्मा लावून वाचायला बसले. अक्षर काय सुरेख! पहिलं शहर, ते तळ्याचं: आगमन दहा वीस, प्रस्थान दहा पन्नास. दुसरं, किल्ल्याचं: आगमन एक पंचवीस, प्रस्थान दोन पाच. तिसरं, बंदराचं. असं खाली खाली जात पाचवं, जिथे जुनी वेधशाळा आहे.

"वन्सं," मी विचारलं, "तळं?"

"कुठलं तळं?"

"अहो, तळ्याच्या शहरात जाऊन तळं बघायचं नाही?"

"अर्धा तास दिलाय की."

"आणि जेवण?"

"वीस मिनिटं. ड्रायव्हरला वीसच मिनिटं असतात."

मग आम्ही दोघी त्या कागदाकडे बघत राहिलो. आठ दिवसांत पाचही शहरांत आम्ही पोहोचत होतो आणि पाचही शहरांतून निघत होतो. बघत मात्र काहीच नव्हतो. एवढंच काय, रात्री झोपायचं कुठे याला कागदावर रकानाच नव्हता. मला हसू फुटलं. वन्संना नाही फुटलं. त्यांनी खोडरबर काढलं आणि हातात धरून बसल्या.

"मला शहर म्हणजे एवढंच माहीत आहे गं," म्हणाल्या. "गाडी आली, गाडी गेली. मधे लोक काय करतात?"

ते ऐकून माझं हसू तिथल्या तिथे विरलं. तोवर मी येईन असं म्हटलं नव्हतं. तेव्हा म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलावर जेवण बंद झालं. आम्ही स्वयंपाकघरात ताटं हातात घेऊन जेवू लागलो. आमचे हे दोन दिवस कुरकुरले, मग त्यांनाही गोडी लागली. ते वाचनालयातून प्रवासाची पुस्तकं आणू लागले आणि "बंदरावरचं दीपगृह सोमवारी बंद असतं" असल्या बातम्या देऊ लागले. वन्सं मग अख्खं वेळापत्रक एका दिवसाने सरकवायच्या. उन्हाचा विचार करून असं ठरलं की पहाटे साडेचारला निघायचं, दहाच्या आत मुक्कामी पोहोचायचं. दुपारी वस्तुसंग्रहालयासारख्या छपराखालच्या जागा. तळं, किल्ला, बागा, सगळं ऊन उतरल्यावर. प्रत्येक शहरात मी एक तास माझ्यासाठी मागून घेतला, शांत बसून देवाचं नाव घ्यायला. वन्संनी तो लगेच रकान्यात लिहिला आणि विचारलं, "तासात होतं ना? नाहीतर सव्वा धरते."

खाण्याचं वन्संनी स्वतःकडे घेतलं. मोठ्या हॉटेलांत जाणं आमच्या खिशाला झेपणारं नव्हतं, आणि रस्त्याकडेचं कुठलंही खाऊन आजारी पडणं वयाला. मी म्हटलं, जिथे ट्रक उभे दिसतील तिथे खावं म्हणतात.

"काहीतरीच. ट्रक जागा असेल तिथे उभे राहतात," वन्सं म्हणाल्या. "ड्रायव्हर कुठे जेवतो तेही विचारायचं नाही. त्याला जिथे पटकन मिळतं तिथे तो जेवतो. ड्रायव्हरने बायकोला जेवायला कुठे नेलं, ते विचारायचं."

आणि त्यांनी निवृत्त ड्रायव्हरांना फोन लावायला सुरुवात केली. फोन टेबलावर ठेवून, मोठ्या आवाजात, म्हणजे मलाही ऐकू यावं. "बाई, बंदराजवळ पोस्टाच्या मागे एक म्हातारी खानावळ चालवते. ताजी मासळी, चार टेबलं, आणि तिथे भाव विचारला तर ती रागावते, इतका कमी आहे," एक म्हणाला. दुसऱ्याने किल्ल्याच्या शहरात विद्यार्थ्यांची एक खानावळ सांगितली, जिथे पोट भरेपर्यंत वाढतात. एकाला मात्र दोनदा विचारावं लागलं.

"हॅलो? बायकोला कुठे नेलंत, म्हणते मी."

"बाई, खरं सांगू? नेलंच नाही कुठे."

"मग आता न्या," वन्संनी फर्मावलं. "आणि नेलंत की मला कळवा. माझी चौथ्या दिवसाची दुपार रिकामी आहे."

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. जागा चांगली निघाली होती. वन्संनी रकाना भरला.

आता मुलाबद्दल. माझा भाचा वाईट नाही, हे आधी लिहिते. विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, दिवसभर अपघातांचेच कागद वाचतो, त्यामुळे त्याला रस्ता म्हटलं की उलटलेली गाडीच दिसते. वन्सं त्याला साहेब म्हणतात. एका रविवारी साहेब आले आणि त्यांनी टेबलावरचा कागद पाहिला.

"आई, तुझं वय काय?"

"माहीत नाही तर दरवर्षी केक कशाला आणतोस?"

"चेष्टा नको. तुला फिरायचंच आहे ना? मी सहलीचं बुकिंग करतो. गार बस, चांगलं हॉटेल, सगळं ते लोक बघतात."

"काय बघायचं ते कोण ठरवणार?"

"तेच लोक."

"मग त्यांनीच जावं."

साहेब उठले. जाताना गोड आवाजात म्हणाले, "बरं, निदान गाडीचं सर्व्हिसिंग तरी करून देतो. लांबचा प्रवास आहे." वन्संनी किल्ली दिली. मुलाने एवढं तरी मान्य केलं म्हणून खूशही झाल्या. निघायला तेरा दिवस उरले होते.

सात दिवस गाडी आली नाही. विचारलं की उत्तर तयार असायचं: पार्ट यायचाय, मिस्त्री सुट्टीवर आहे, अजून एक काम निघालं. आठव्या दिवशी सकाळी साहेबांचा मला फोन आला.

"मामी, तुझं ती ऐकते. तू रोज एवढं देवाचं करतेस. तिला सांग की तुला संकेत मिळाला, यंदा प्रवास नको म्हणून. गाडीला मी गिऱ्हाईक बघितलंय. एकदा गेली की विषय संपला."

मी खरं सांगते, भीती मलाही वाटत होती. घाटाची वाटत होती, उन्हाची वाटत होती, वाटेत टायर बसला तर दोघी काय करणार याची वाटत होती. त्याने नुसतं "सांभाळून जा" म्हटलं असतं तर मी कदाचित ढिली पडले असते. पण हे ऐकून माझे कान तापले.

"देवाचं नाव घेऊन मी स्वतःच्या सोयीसाठी कधी खोटं बोलले नाही," म्हटलं. "तुझ्या सोयीसाठी का बोलू?"

फोन ठेवला आणि तडक वन्संकडे जाऊन शब्दन् शब्द सांगितला. वन्सं ऐकत होत्या. मग त्यांनी मिस्त्रींना फोन लावला. ते आगारातलेच, आता स्वतःचं गॅरेज चालवतात. "बाई, तुमची गाडी?" ते म्हणाले. "ती तर दिवाळखोराकडच्या उधारीसारखी, इकडे आलीच नाही." वन्सं हसल्या नाहीत. पर्स घेतली, चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, "येतेस?"

साहेब जेवायला दुपारी घरी येतात. आम्ही गेलो तेव्हा हात धूत होते. खाली इमारतीच्या आवारात गाडी उभी होती, धुळीने माखलेली.

"आई, ऐक ना," ते म्हणाले. "मी रोज काय काय बघतो तुला माहीत नाही."

"तू कागद बघतोस. मीही एकतीस वर्षं कागदच बघितले," वन्सं म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "सासूचं करायचं होतं, केलं. तुझ्या परीक्षा होत्या, मी घरी बसले. तुझ्या बाबांना वाटलं मला सगळं पाठ आहे, मी बोलले नाही. एकानेही मला जाऊ नको म्हटलं नाही रे. पुढच्या वर्षी जा म्हटलं. आता मी बासष्ट वर्षांची आहे आणि तू गाडीच विकायला निघालास."

"काळजी वाटते म्हणून ना!"

"काळजी कर. भरपूर कर. मी कुठे नको म्हणते? पण खोटं बोलून माझी गाडी लपवायची, ही काळजी नाही."

साहेब माझ्याकडे वळले. "मामी, तू तरी..."

"मी त्यांच्याबरोबर जातेय," म्हटलं. इतकं ठामपणे मी लग्नाच्या दिवशीही बोलले नव्हते.

ते खुर्चीत बसले. "किल्ली ऑफिसात आहे," म्हणाले. हेही खरं नसावं. कारण नजर ड्रॉवरकडे गेली होती.

वन्संनी पर्स उघडली आणि गाडीची दुसरी किल्ली बाहेर काढली. "किल्ली मागायला मी आलेच नाही. गाडी न्यायला आलेय. न सांगता नेली असती तर तुझ्यात नि माझ्यात फरक काय राहिला असता? म्हणून जिने चढून वर आले."

आम्ही खाली उतरलो. पाठोपाठ साहेबही आले, ओल्या हातांनीच. आवार अरुंद, मागे खांब, शेजारी कुणाची तरी नवीकोरी गाडी. वन्संनी काच पुसली, सीट पुढे घेतली, दोन्ही आरसे नीट केले. साहेब सवयीने गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि हात हलवू लागले: या, या, अजून या, डावीकडे.

वन्संनी काच खाली केली. "बाजूला हो. तू मधे उभा राहिलास की मला खांब दिसत नाही."

ते बाजूला झाले. गाडी एका दमात बाहेर आली.

रस्त्याला लागल्यावर वन्संनी आधी आरसा पाहिला. मग एकदम म्हणाल्या, "शनिवारपर्यंत थांबायचं नाही. तोपर्यंत हा अजून काहीतरी काढेल. उद्या पहाटे निघू."

"उद्या? अहो, मुक्कामाच्या खोल्या सांगून ठेवल्यात. मंगळवारी दीपगृह..."

"फोन आहेत ना दोघींकडे? बदलू. नाही बदललं तर दीपगृह बाहेरून बघू."

शुक्रवारी आमच्या गल्लीतल्या बायकांची प्रार्थना मी घेते. शेजारणीला सांगून आले की यावेळी तू घे. ती म्हणाली, "अशी अचानक? लोक काय म्हणतील?" म्हटलं, "जे म्हणतील ते लिहून ठेव, मी आल्यावर वाचीन." आमच्या ह्यांनी हवा भरून आणली, पाण्याचे दोन कॅन मागच्या सीटखाली बसवले आणि आपल्याला कुणी बोलावलं नाही याचं थोडं तोंड पाडलं.

माझी पिशवी दाराशी ठेवली आहे. संध्याकाळी साहेबांचा वन्संना मेसेज आला: कुठल्या रस्त्याने जाणार? वन्संनी रस्ता कळवला. कुठे थांबणार, कुठे जेवणार, तेही कळवलं. खाली लिहिलं, "विचारत नाहीये, सांगतेय."