राहून गेलेली दोऱ्यांची ओळ

वारा दिसत नाही, म्हणून दोरेमामांची नोकरी होती. प्रयोगशाळेत एक लांबलचक बोगदा, टोकाला पंखा, मध्ये काचेमागे पवनचक्कीचं हातभर पातं. त्यावर लोकरीचे बोटभर दोरे ओळीनं चिकटवायचे. पंखा सुरू झाला की दोरे जिथे निमूट लोळतात तिथे वारा पात्याला धरून असतो. जिथे फडफडतात तिथे तो सोडून गेलेला. एकतीस वर्षं मामा काचेला नाक लावून बघत आले आणि दरवेळी त्यांची तंद्री लागायची. दोऱ्यांबरोबर तेही कुठल्या कुठे वाहत जायचे. बायको म्हणायची, "यांचं डोकं जागेवर आलं की मला कळवा."

संशोधक ताईंनी तीन वर्षं खपून मंद वाऱ्यातही फिरेल असं पातं आखलं होतं. मोजणीआधी दोरे काढायचे, हा नियम. परवा मोजणी झाली. आकडे इतके चांगले आले की ताई चक्क खुर्चीवर चढून ओरडल्या. उद्या अहवाल जाणार, मग खरं, मोठं पातं घडणार.

आज पातं पुसताना मामांच्या बोटाला लोकर लागली. पुढच्या कडेची अख्खी ओळ तशीच होती. काढता काढता तंद्री लागली असणार, आणि ताई आकड्यांत बुडालेल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत मामा पातं पुसत राहिले. पण ताईंवर त्यांचा पोरीसारखा जीव होता.

"ताई, चूक झाली. एक ओळ राहिली होती."

ताईंचा चेहरा उतरला. ओळ काढून पुन्हा मोजलं. आकडे कोसळले. मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताई काचेपाशी गेल्या. आत वारा वाहत होता आणि काहीच दिसत नव्हतं. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे दोऱ्यांनी वाऱ्याला धरून ठेवलं होतं?"

"दोऱ्यांखालच्या गोंदाच्या ठिपक्यांवर तो जरा अडखळतो. अडखळला की पात्याला बिलगून चालतो. कितीदा बघितलंय."

"मग बोलला का नाहीत, मामा?"

"कुणी विचारलंच नाही."

ताईंना रडू आलं आणि हसूही. त्यांनी लोकरीचा गुंडा मामांच्या हातात ठेवला.

"तीच ओळ परत लावा. या वेळी विसरून नाही, मुद्दाम."