सर्वाधिकार अध्यक्षांना

हिरोमासा इसोबे यांनी साठाव्या वर्षी घर घेतले ते आतून न पाहताच. मोजी बंदरामागच्या चढावरची ती सहामजली इमारत तेव्हाच चाळिशी ओलांडलेली होती. सहाव्या मजल्यावरच्या त्या घरात मुराईबाई नावाच्या शिवणशिक्षिका भाड्याने राहत होत्या, आणि घर विकायचे आहे एवढ्यावरून भाडेकरूच्या घरात डोकावण्याची रीत नव्हती. दलालाने नकाशा, लिफ्ट आणि पत्रपेट्या दाखवल्या. इसोबेंनी निवृत्तीच्या रकमेतले अडतीस लाख येन दिले.

विचार सरळ होता. आज भाडे, उद्या निवारा. सत्तरीच्या जोडप्याला भाड्याने घर द्यायला कोणी मालक धजत नाही, हे त्यांनी थोरल्या भावाच्या बाबतीत पाहिले होते. पत्नी चिएको हिचे गुडघे तेव्हापासूनच कुरकुरत होते. ती म्हणाली, "डोक्यावर आपलं छप्पर आणि दाराशी लिफ्ट. अहो, मला आणखी काही नको."

दर वसंतात घरमालकांच्या सभेचे पाकीट, इसोबे राहत त्या शिमोनोसेकीला येई. सोबत एक पोस्टकार्ड असे. त्यावर दोनच पर्याय: 'उपस्थित राहीन' किंवा 'सर्वाधिकार अध्यक्षांना'. इसोबे दुसऱ्याभोवती गोल करीत आणि सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का पट्टी धरून सरळ मारीत. आपण तिथे राहत नाही, राहणाऱ्यांच्या कारभारात तोंड घालणे बरे दिसत नाही, असे त्यांचे मत. आठ वर्षे हेच चालले. नवव्या वर्षी पाकीट जरा जाड होते. त्यांनी पहिले पान वाचले, शिक्का मारला आणि त्याच दुपारी कार्ड टपालात टाकले.

पावसाळा संपता संपता मुराईबाईंचे पत्र आले. इतकी वर्षे आसरा दिल्याबद्दल आभार. लिफ्ट कायमची बंद झाल्यामुळे आपण पुतणीकडे जात आहोत.

इसोबेंनी अध्यक्ष ओनिशी यांना फोन लावला.

"कायमची म्हणजे?"

"कायमची म्हणजे कायमची, इसोबेसान. तिचे सुटे भाग आता कुठे बनत नाहीत. नवी बसवायला निधी नाही. पाचवा ठराव, तिसऱ्या पानावर होता की."

"पण मला विचारायचं तरी!"

"विचारलंच होतं. चोवीस घरं, सभेला आलो सात माणसं, आणि कार्डं पंधरा. तुमचं सगळ्यांत आधी पोचलं. शिक्का काय सरळ, वा!"

"अहो, माझ्या बायकोचे गुडघे..."

"ते मला कसं कळणार?" ओनिशींचा आवाज खाली आला. "मी तळमजल्यावर राहतो, म्हणून लोक मला नावं ठेवतात. पण खरं सांगू? दहा वर्षं वाट बघतोय, कुणीतरी येऊन 'नको' म्हणेल. सगळे आपले माझ्यावर सोपवून मोकळे!"

इसोबेंनी फोन ठेवला. घर विकले जाईल का, असे दलालाला विचारले, तर तो हसला. "लिफ्टशिवाय सहावा मजला? फुकट दिलंत तरी घेणारा आधी दर महिन्याचा देखभाल खर्च विचारेल, मग पळेल."

चावी ताब्यात घेऊन घर पाहायला चिएको हट्टाने सोबत आली. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तिने रुमाल पसरला आणि पायरीवर बसली. ओठ पांढरे पडले होते.

"तुम्ही जा वर. आणि माझं घर कसं आहे ते येऊन सांगा."

इसोबे वर गेले. दार उघडले. चटईवर शिवणयंत्राच्या पायांचे चार खळगे उरले होते. खिडकीतून सामुद्रधुनी आणि पलीकडचे शिमोनोसेकी दिसत होते. स्वयंपाकघर लहान, पण घासूनपुसून लख्ख. जिना उतरताना त्यांनी ठरवले, सांगायचे: अंधारे आहे, ओल आहे, यायचे टळले ते बरे झाले.

"कसं आहे?" चिएकोने विचारले.

ते तिच्या शेजारी पायरीवर टेकले. खोटे बोलायला तोंड उघडले आणि भलतेच बाहेर पडले.

"ओटा तुझ्या उंचीचा आहे."

चिएको कठडा धरून उठली, रुमालाची घडी घातली आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत खाली उतरू लागली. "आणखी काही सांगू नका," ती म्हणाली.