शिट्टीबाईंच्या नसेतले पिवळे डाग

गावातल्या निम्म्या लोकांना पाण्याची भीती सोडायला लावली ती शिट्टीबाईंनी. खरं नाव फक्त पगारपत्रकावर. पोहण्याच्या तलावावर त्या शिकवायच्या, तिथे सगळे त्यांना शिट्टीबाईच म्हणत. अंगाने काटक, चालणं ताठ, खाणं मोजकं. साठीकडे झुकल्या तरी खोल बाजूला सूर मारताना पाण्याचा थेंब उडत नसे.

एका सकाळी पोरांना पाण्याबाहेर बोलवायला त्यांनी शिट्टी तोंडाशी नेली, तर ती वाजेचना. श्वासच पुरेना. जबडा दुखायला लागला, डावा हात जड झाला, आणि बाई ओल्या फरशीवर मटकन खाली बसल्या. जीवरक्षकाने त्यांना उचलून गाडीत घातलं, म्हणून वेळेवर दवाखाना गाठता आला. तुंबलेल्या नसेत डॉक्टरांनी स्टेंट बसवला.

भेटायला थोरला भाऊ आला. देह भारदस्त, दोन जिने चढून धापा टाकत होता.

"अगं, लोणी मी खाल्लं आणि नस तुझी तुंबली? हा कुठला न्याय?"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांना राग आला होता. जन्मभर शरीराला शिस्त लावली आणि त्याच शरीराने पाठीत वार केला!

डॉक्टरीणबाई मोकळ्या बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "अँजिओग्राफीत नसेतून रक्त किती वाहतं ते दिसतं. भिंतीच्या आत काय साचलंय ते नाही दिसत. तुमच्या दुसऱ्या एका नसेची मला शंका आहे. आमचा एक अभ्यास चालू आहे. मनगटातून बारीक नळी घालून आतून प्रकाश टाकतो, म्हणजे चरबी कुठे आहे ते कळतं. वर्षभर औषधं घ्यायची आणि पुन्हा बघायचं. थोडा धोका असतो, तो आधी समजून घ्या. सक्ती नाही."

मुलगी शाळेत गणित शिकवायची. ती ऐकेना. "आई, एकदा जिवावरचं बोटावर निभावलंय. आता नसत्या भानगडीत पडू नकोस."

"तळ माहीत नसलेल्या पाण्यात मी कुणाच्या पोराला उडी मारू देते का? मग स्वतःच्या काळजाचंच न बघता कशी राहू?"

आणि बाईंनी सही केली.

तपासणीच्या खोलीत गारठा होता. बाई जाग्याच होत्या. पडद्यावर लाल पट्टा उमटला आणि त्यावर पिवळे डाग. एक चांगलाच मोठा, दुसरा फाटा फुटतो तिथे.

"पिवळं म्हणजे?"

"चरबी. तिच्यावर पातळ पापुद्रा आहे. तो फाटला की रक्ताची गुठळी होते." डॉक्टरीणबाई थांबल्या. "तुमचे वडील कशाने गेले?"

"जेवता जेवता मान टाकली. चाळिशीही गाठली नव्हती."

"मग हे रक्तातूनच आलेलं असणार. मुलीचीही तपासणी करा."

मुलगी म्हणाली, "मला काही होत नाहीये." बाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिच्या घरी जाऊन स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्या. "तू रक्त दिल्याशिवाय मी हलत नाही." जावयाने हसू दाबत गाडीची किल्ली काढली.

मुलीचं कोलेस्टेरॉल जवळपास आईइतकंच वाढलेलं निघालं. कागदावरचे आकडे तिने दोनदा तपासले.

"आई, कधीपासून असेल गं हे?"

"जन्मापासून, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. पण तुला वेळेत कळलंय."

दोघींच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी बाईंच्या मांड्या अशा दुखायच्या, की तलावाची शिडी चढणं नको व्हायचं. वैतागून त्यांनी गोळ्या कपाटात फेकल्या. मुलीला फोनवर बोलण्यावरून संशय आला.

"घेतलीस का गोळी?"

"बघू."

"बघू नाही. तू सोडलीस तर मीही सोडते."

बाई चिडल्या, फोन आदळला. आणि त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसल्या. "दुखणं सोसवत नाही, आणि औषध सोडायचं नाहीये. काय करायचं ते सांगा." औषध बदललं. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण शिडी चढता यायला लागली.

वर्षाने पुन्हा तीच खोली, तोच पडदा. मोठा डाग फिका होऊन आक्रसला होता. फाट्याजवळचा मात्र जागचा हलला नव्हता. बाहेर आल्यावर मुलीचा चेहरा पडला.

"एवढं करून एकच?"

"एक तर एक. तो हलला, म्हणजे दुसराही हलवता येईल. नाही हलला तर निदान वाढू द्यायचा नाही."

थोरला भाऊ बाहेर बाकावर पेपर वाचत होता. वर्षभर तो तपासणी टाळत आला होता. बाईंनी त्याच्या हातातून पेपर काढून घेतला.

"दादा, ऊठ. बाही वर कर."

"अगं, आत्ता? मी काहीतरी खाऊन आलोय."

"चालतंय. मी विचारून आलेय."

दादा कुरकुरला, पण उठला.