मोटेच्या चामड्याची टोपी

लेक पाच वर्षांची झाली आणि तिच्या वडिलांनी जाहीर केलं, की आता ती वाशीमच्या शाळेत जाणार, त्यांच्याबरोबर, फटफटीवर. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण आमच्या वस्तीवर शाळा नव्हती. हे वाशीमला कापसाच्या जीनमध्ये इंजिनावर काम करायचे. भंगारातून आणलेली लष्करी फटफटी यांनीच खटपट करून चालती केली होती. तिच्यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता.

"डोक्यावर टनक काही असल्याबिगर मी पोरीले पाठवनार नाई," मी सांगून टाकलं. "अन् एकदा जरी पडली, तं शाळा बंद."

"मंजूर," हे म्हणाले. यांना सगळंच मंजूर असायचं.

अकोल्याला फटफटीच्या टोप्या मिळतात असं कळलं, म्हणून हे जाऊन आले. सगळ्या मोठ्या माणसांच्या. एकेका टोपीत आमची लेक मांडी घालून बसली असती, आणि किंमत ऐकून हे चहाही न पिता परतले.

मग बाजारात जोडे शिवणारे मामा म्हणाले, "फाटली मोट पडली असन ना तुमच्या विहिरीवर? तिचं चामडं आना. भिजवून गाडग्यावर ठोकतो. वाळलं का दगड." त्यांनी दोरीनं पोरीच्या डोक्याचं माप घेतलं. त्या मापाचं गाडगं शोधताना मी कुंभाराची अर्धी रास पालथी घातली. एकेक गाडगं तिच्या डोक्याशेजारी धरायचे, आणि ती डोळे मिटून गंभीरपणे उभी. टोपी इतकी चपखल बसली, की मी मामांना वर शेरभर ज्वारी दिली.

पुढच्याच पंधरवड्यात तिचं जावळ काढलं. नवसाचं म्हणून पाच वर्षं राखलेलं, दाट, कुरळं. देवीपुढे तुळतुळीत डोक्यानं हसणारी पोर पाहून मला भरून आलं. घरी येऊन टोपी घातली, तर ती थेट नाकावर! माप घेतलं होतं ते केसांसकट. मामांना, यांना, मला, तिघांनाही हे सुचलं नव्हतं.

"आई, अंधार झाला," टोपीतून आवाज आला.

हसत हसत मी लग्नातलं लुगडं फाडलं. विरलेलं होतं, म्हणूनच मऊ. त्याच्या चार घड्या टोपीत आतून टाचल्या. केस वाढतील तशी एकेक घडी काढायची ठरवलं. रोज सकाळी पट्टा बांधून मी म्हणायचे, "मान हालव." टोपी हलली नाही, तरच फटफटीवर बसायचं.

श्रावणात एका संध्याकाळी बापलेक फटफटी ढकलत आले, चिखलानं माखलेले. काळ्या मातीत चाक घसरलं होतं. यांचं कोपर सोललेलं. मी पोरीला जवळ ओढलं. पट्टा सोडला, टोपी काढली आणि तिचं डोकं दोन्ही हातांनी चाचपत राहिले. कोवळे केस बोटांना टोचत होते. टेंगूळ कुठेच नव्हतं. टोपीवर मात्र वीतभर खरवडलेलं होतं.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती, रडू आवरून.

"आई," ती म्हणाली, "मी नाई पडली. टोपी पडली."

हे माझ्याकडे बघेनात. अट माझीच होती. एवढ्याशा पोरीला माझ्या भीतीपायी असं बोलावं लागलं, याचं मला फार वाईट वाटलं. मी तिला पोटाशी धरलं.

सकाळी मी टोपी पुसली. केस वाढले होते, म्हणून आतली एक घडी काढली, आणि पट्टा बांधला.

"मान हालव."

तिनं हलवली. टोपी जागची हलली नाही.

"जाय," मी म्हणाले. "अन् त्या टोपीले सांग, आता पडू नोको म्हनाव."